आधी ओळख, मग माप

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने अळंबीतल्या जीवनसत्त्वावर लेख लिहावा, हे पाहून विज्ञान शाखेतील मित्रमैत्रिणी गालातल्या गालात हसतील. त्यांचे हसणे मला मान्य आहे. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीला संपला, तोही मराठी माध्यमातून. परंतु हा विषय मी हौसेने निवडलेला नाही; तो आमच्या घरात आपल्या पायांनी चालत आला. त्याच्या मुळाशी जाता जाता माझ्या असे लक्षात आले, की प्रयोगशाळेतल्या माणसाला जी अडचण पडते, तीच आमच्या खतावणीतही पडते. रक्कम किती, हा प्रश्न दुसरा. ती कोणाच्या नावावर, हा पहिला.

गेल्या पावसाळ्यात आईची कंबर आणि गुडघे फार दुखू लागले. आई घरी ब्लाउज शिवते. सकाळची कामे आटोपून मशीनवर बसली, की दिवेलागणीपर्यंत उठत नाही. ऊन तिला दिसते ते खिडकीच्या काचेतून. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले. रिपोर्टात ‘ड’ जीवनसत्त्वापुढे १२ हा आकडा आला, आणि २० च्या खाली म्हणजे कमतरता, असे त्याच ओळीत छापलेले होते. डॉक्टरांनी आठवड्याला एक अशी ६०,००० एककांची पुडी लिहून दिली.

आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. पुडी हातात घेण्याआधी तिने औषधाच्या दुकानात विचारले, “हे कशापासून करतात?” दुकानदार प्रामाणिक होता. मेंढीच्या लोकरीला जी मेणचट चरबी असते तिच्यापासून, असे त्याने सांगितले. ते खरेही आहे. बाजारातले बहुतेक ड-३ तसेच तयार होते. झाले! पुडी घरी आली आणि देवाच्या फडताळात जाऊन बसली. आई ती घेईना आणि टाकूनही देईना.

अशा वेळी शेजारच्या काकू मदतीला धावल्या. “अळंबी खा की! त्यात भरपूर ‘ड’ असतंय म्हणे. भाजीच ती, तुमच्या माळेला काय अडचण नाही.”

आई म्हणाली, “भरपूर म्हणजे किती? ते कोण मोजलंय?”

काकूंना याचे उत्तर देता आले नाही. मलाही आले नाही. पण प्रश्न माझ्या मनातून जाईना. अळंबीत खरोखरच पुरेसे ‘ड’ असेल तर आईची माळही राहील आणि हाडेही राहतील. नसेल, आणि आपण आहे असे समजून चाललो, तर त्या चुकीचा भुर्दंड तिच्या गुडघ्यांनी भरायचा. एवढे अवलंबून असलेला आकडा कुणी, कसा काढला, हे पाहायलाच हवे होते.

अळंबीच्या बाबतीत ओळखीचा प्रश्न आमच्या भागाला नवा नाही. पावसाळ्यात खानापूरच्या बाजूने बायका टोपल्या घेऊन बेळगावात येतात. मराठीत अळंबी, कन्नडमध्ये अणबे. न खाण्याजोगीला आपण कुत्र्याची छत्री म्हणतो आणि कन्नड माणूस नायिकोडे म्हणतो; अर्थ तोच, कुत्र्याचीच छत्री. दोन भाषांनी कुणाला न विचारता एकच नाव ठेवले, याची मला नेहमी गंमत वाटते. टोपलीवाली मावशी गिऱ्हाइकापुढे वाटा मांडण्याआधी एक अळंबी उपटून उलटी धरते. तिचे लांब मुळासारखे बूड दाखवते. “वारुळावरची हाय ही,” म्हणते. आधी ओळख पटवायची, मग माप घालायचे. हा क्रम उलटा केला तर काय होते, हे दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावाहून येणाऱ्या विषबाधेच्या बातम्यांतून वाचायला मिळते.

प्रयोगशाळेतही क्रम हाच आहे. फक्त तिथे उलटे धरून दाखवता येईल असे बूड नसते.

अळंबी ही वनस्पती नव्हे आणि प्राणीही नव्हे. ती बुरशीच्या कुळातली. तिच्या पेशींच्या पडद्यात अर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य असते. आपल्या शरीरात कोलेस्टेरॉल जे काम करते, ते काम अळंबीत हे करते. राईच्या कणसावर पडणाऱ्या अर्गट या बुरशीतून फ्रेंच शास्त्रज्ञ तान्रे यांनी ते १८८९ मध्ये काढले, म्हणून हे नाव. या द्रव्यावर सूर्याचे अतिनील किरण, त्यातही २८० ते ३२० नॅनोमीटर लांबीचे, पडले की त्याच्या रेणूतले एक कडे उघडते. त्यातून आधी पूर्व-जीवनसत्त्व होते, आणि पुढे नुसत्या उबेने त्याचे ‘ड-२’ बनते. म्हणजे अळंबीत जन्मतः असतो तो कच्चा माल. पक्का माल उन्हात तयार होतो.

ही गोष्ट १९२७ मध्ये उलगडली. लंडनचे रोझेनहाइम, न्यूयॉर्कचे हेस आणि जर्मनीतल्या ग्योटिंगेनचे विंडाउस यांच्या कामातून अर्गोस्टेरॉल हेच ‘ड’चे मूळ द्रव्य म्हणून पुढे आले. विंडाउस यांना स्टेरॉलांवरील कामासाठी १९२८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्या काळी माप कशाने घेत? उंदराने! उंदरांना असे अन्न द्यायचे, की त्यांना मुडदूस व्हावा. मग ज्या पदार्थाची परीक्षा करायची तो काही दिवस खाऊ घालायचा. शेवटी पायाचे हाड कापून सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायचे. नवा चुना जिथे साठला असेल तिथे काळी रेघ उमटते. रेघ जितकी ठळक, तितके जीवनसत्त्व जास्त. १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय एकक ठरले तेही किरण दिलेल्या अर्गोस्टेरॉलच्या एका प्रमाण द्रावणावरून. आज ४० एककांचा एक मायक्रोग्रॅम होतो.

उंदराची परीक्षा प्रामाणिक होती, यात शंका नाही. पण ती फक्त एकूण जमा सांगे, खातेवार हिशेब देत नसे. त्याचा परिणाम लवकरच दिसला. विंडाउस यांच्या प्रयोगशाळेने एक शुद्ध वाटणारे द्रव्य वेगळे करून त्याला ‘ड-१’ म्हटले होते. ते एक द्रव्य नव्हतेच. ड-२ आणि ल्युमिस्टेरॉल यांची ती जोडगोळी होती. म्हणून आज दुकानात ड-२ मिळते, ड-३ मिळते. ड-१ कुठेच मिळत नाही. खाते उघडले, रक्कमही पडली, आणि मागाहून कळले की या नावाचा कुणी इसमच नाही!

पुढची हकीकत मला माझ्या मावसबहिणीने सांगितली. ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते, आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. दिवाळीला ती आली तेव्हा मी तिच्यापुढे आईचा प्रश्न ठेवला. चकल्यांचा घाणा चालू असतानाच तिने स्वयंपाकघरात व्याख्यान दिले. “मग सी-१८ वर पीक येतं, ते बघायचं,” असे ती म्हणाली. त्यावर आजीने विचारले, “कुठलं गे शेत ते?” पीक म्हणजे यंत्राच्या कागदावर उठणारे टोक, हे आजीला समजावण्यात पाच मिनिटे गेली. मीही इथे त्याला टोकच म्हणते.

पद्धत साधारण अशी. अळंबी गोठवून कोरडी करायची आणि दळायची. अल्कोहोलात विरघळवलेल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडबरोबर ती तापवायची. त्यात जी चरबी असते तिचा साबण होतो आणि ती बाजूला पडते. हवेने जीवनसत्त्व बिघडू नये म्हणून एखादे संरक्षक द्रव्य घालायचे. जे साबण होत नाही ते हेक्झेनसारख्या द्रवात उतरवून घ्यायचे. हा अर्क बारीक कणांनी ठासून भरलेल्या पोलादी नळीतून मोठ्या दाबाने सोडायचा. या यंत्राचे नाव एच.पी.एल.सी. अर्कातले प्रत्येक द्रव्य त्या कणांना कमीअधिक चिकटते, म्हणून प्रत्येक जण आपापल्या वेळेला बाहेर पडतो. दारापाशी एक दिवा आणि एक डोळा बसवलेला असतो. ड-२ हे २६५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश सर्वांत जास्त शोषते, अर्गोस्टेरॉल २८२ च्या आसपासचा. कुणी किती प्रकाश खाल्ला, त्यावरून टोक उठते. टोकाखालच्या जागेवरून माप ठरते.

“मग अवघड काय आहे त्यात?” मी विचारले.

ताई म्हणाली, “वजन करून बघ म्हणजे कळेल.”

अर्गोस्टेरॉलच्या रेणूत कार्बनचे २८, हायड्रोजनचे ४४ आणि ऑक्सिजनचा १ अणू असतो. ड-२ मध्ये? कार्बनचे २८, हायड्रोजनचे ४४, ऑक्सिजनचा १. मधल्या पूर्व-जीवनसत्त्वातही तेच, आणि ल्युमिस्टेरॉलमध्येही तेच. चौघांचा रेणुभार ३९६.६. रेणूचे वजन करणारे कितीही महागडे यंत्र आणले, तरी नुसत्या वजनावरून या चौघांत निवड करता येत नाही. बरे, प्रमाण पाहावे तर १०० ग्रॅम ताज्या अळंबीत अर्गोस्टेरॉल पन्नास मिलिग्रॅमच्या घरात असते, आणि ड-२ कधी कधी एक मायक्रोग्रॅमही नसते. पन्नास हजारांच्या थैलीत एक रुपया शोधायचा, आणि तो रुपयाही थैलीतल्या इतर नाण्यांच्या वजनाचा! म्हणून एका खुणेवर कुणी विश्वास ठेवत नाही. बाहेर पडण्याची वेळ, प्रकाश खाण्याची तऱ्हा आणि वजन, या तिन्ही साक्षी जुळाव्या लागतात.

आता मला सर्वांत जवळचा वाटला तो भाग सांगते. एवढ्या उकळण्यात, गाळण्यात थोडे जीवनसत्त्व वाया जाणारच. किती गेले हे कळावे म्हणून आरंभीच अर्कात दुसरे एक ओळखीचे द्रव्य मोजून टाकतात. शेवटी ते जितके कमी भरेल, तितकीच घट ड-२ मध्येही झाली असे धरून हिशेब पुरा करतात. अळंबीत ड-३ फारसे नसते आणि ते ड-२ च्या स्वभावाचेच असते. तेव्हा या कामाला ड-३ घ्यायची रूढी पडली.

२०१२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी प्रसिद्ध केले, की अळंबीच्या अर्कात एक अनोळखी टोक दिसत होते. त्याची प्रकाश खाण्याची तऱ्हा ‘ड’सारखी होती. वजन मात्र ३९८.७ भरले, ते ना ड-२ चे, ना ड-३ चे. तपासाअंती ते ‘ड-४’ ठरले. अर्गोस्टेरॉलच्याच एका भावंडापासून ते उन्हात तयार होते. पांढरी बटण अळंबी वगळता तपासलेल्या प्रत्येक जातीच्या निदान एका नमुन्यात ते सापडले. आणि त्याची गल्लत होण्याची भीती नेमकी ड-३ शीच!

परिणाम पाहा. तपासनीस म्हणून जे ड-३ आपण टाकले, त्याच्या टोकात ड-४ मिसळले, तर टोक आहे त्याहून मोठे दिसणार. म्हणजे वाया फार कमी गेले असे वाटणार, आणि ड-२ चा आकडा खऱ्यापेक्षा कमी लागणार. कागद स्वच्छ, गणित बिनचूक, उत्तर चुकीचे.

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आम्ही एक वाक्य इंग्रजीत घोकून पाठ करतो. त्याचा अर्थ असा, की तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे असे सिद्ध होत नाही. शंभर रुपये एका पाटलांऐवजी दुसऱ्या पाटलांच्या खात्यावर पडले, तरी तेरीज जुळतेच. माझे आजोबा रविवार पेठेत एका भुसारी दुकानावर दिवाणजी होते. ज्या रकमेचे नाव ठरत नसेल ती ते उचंत खात्यात टाकत आणि नाव ठरेपर्यंत रोज तिची चौकशी करत. घाईने कुणाच्या तरी नावावर लावून मोकळे होणे त्यांना कधी मानवले नाही. ज्यांनी त्या अनोळखी टोकाला उचंतात ठेवून त्याचा माग काढला, त्यांच्याविषयी माझ्या मनात आजोबांइतकाच आदर आहे.

एवढे समजल्यावर आईच्या प्रश्नाचे उत्तर काढणे हे आमच्या शाखेचे काम. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दिवसाला ६०० एकके, म्हणजे १५ मायक्रोग्रॅम ‘ड’ लागते. अंधाऱ्या खोलीत वाढलेल्या बटण अळंबीत १०० ग्रॅममागे ते साधारणतः एक मायक्रोग्रॅमच्याही आत असते. अगदी सढळ हाताने एक धरले तरी रोज दीड किलो अळंबी खावी लागेल. रानात उजेडी वाढणाऱ्या गुच्छीत हेच प्रमाण पाचच्या आसपास भरते. आणि तीच बटण अळंबी भर दुपारच्या उन्हात पंधरा मिनिटे ते दोन तास ठेवली, तर बहुधा दहाच्या वर जाते. तेव्हा १५० ग्रॅमची भाजी पुरते. शिजवल्यावरही त्यातला बराच भाग टिकतो. काचेमागे ठेवून मात्र उपयोग नाही. हवे ते किरण काच अडवते. ऊन जास्त झाले तरी भले नाही. पूर्व-जीवनसत्त्वाचे ल्युमिस्टेरॉल आणि टॅकिस्टेरॉल व्हायला लागते.

परंतु हे झाले रोजच्या खर्चाचे. आईचे तर मुद्दलच आटले होते. ६०,००० एककांची एक पुडी म्हणजे १,५०० मायक्रोग्रॅम. साध्या बटण अळंबीत तेवढे मिळवायला दीडशे किलो लागतील आणि उन्हात ठेवलेलीत पंधरा किलो. तेही दर आठवड्याला! शिवाय रक्तातली पातळी चढवायला आणि टिकवायला ड-२ पेक्षा ड-३ सरस, असे बऱ्याच तुलनांत दिसून आले आहे.

हा हिशेब मी वहीच्या पाठीमागे मांडून आईला दाखवला. तिने तो दोनदा वाचला. मग एकच विचारले, “लोकरीसाठी मेंढी मारत न्हाईत न्हवं?”

“नाही. लोकर कातरतात. ती धुताना जे मेण निघतं, त्याचं करतात.”

“मग आधीच सांगायचं की,” असे म्हणून तिने फडताळातली पुडी काढली आणि दुधात घातली.

तेव्हापासून पुडी डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे चालू राहिली. रविवारी दुपारी माडीवर अळंबीचे तुकडे खालची बाजू आभाळाकडे करून ताटात मांडले जातात. ते मांडायला आईच वर जाते आणि कावळ्यांवर राखण म्हणून तिथेच बसते. त्या निमित्ताने तिलाही ऊन मिळते. हा लाभ कुठल्या यंत्रात मोजला जात नसला तरी माझ्या मते लहान नाही. तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासले. आकडा ३१ आला.

आता आमच्या गल्लीत वाद आहे. डॉक्टर श्रेय पुडीला देतात, काकू अळंबीला, आणि आई पांडुरंगाला. रिपोर्टात नुसते ‘एकूण’ लिहिले आहे. ड-२ पासून आलेले आणि ड-३ पासून आलेले रक्तातही वेगळे मोजता येते. काही सोप्या चाचण्या ड-२ चा भाग कमी पकडतात, पण नळीतून वेगळे करून मग रेणूचे वजन घेणारी चाचणी दोघांची खाती स्वतंत्र दाखवते. त्या चाचणीला जास्त पैसे पडतात, आणि आई म्हणते, कंबर दुखायची राहिली एवढे तिला पुरे. पांडुरंगाचा वाटा तर कुठलीच नळी वेगळा काढून देणार नाही. तेव्हा सध्या ही रक्कम आम्ही उचंत खात्यात ठेवली आहे.